ड्रेनेज लाईन ले-आउटपर्यंत आणताना: खर्चाचा अंदाज आणि वाटणी

हद्दवाढीत आलेल्या ले-आउटमध्ये ड्रेनेज लाईनचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "घरटी किती?" त्या दिवशी आकडा सांगू नका. सांगितलेला आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसतो. पुढे खोदाईत खडक लागून रक्कम वाढली की खडकावर कुणी चिडत नाही, समितीवर चिडतात.

लाईनचा खर्च किती मीटर आणि किती खोल यावर ठरतो. घरातून किती लिटर सांडपाणी येतं याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. हे कळलं की अंदाजपत्रक सोपं होतं. वाटणीत मात्र भांडण नेमकं इथूनच सुरू होतं, कारण बंगलेवाल्याला माणशी हिशेब सोयीचा वाटतो आणि अपार्टमेंटवाल्याला प्लॉटवार.

वर्गणीआधी तीन कागद

पहिला कागद ले-आउट मंजुरीच्या आदेशाचा. अंतर्गत रस्ते, गटारं आणि सांडपाण्याची व्यवस्था विकासकाने करून द्यायची, अशी अट त्यात आहे का ते वाचा. असेल तर वर्गणीच्या आधी विकासकाला आणि नगररचना विभागाला पत्र जायला हवं. वर्गणीतून एकदा काम झालं की त्या अटीबद्दल विचारणारं कुणी उरत नाही.

दुसरा कागद घरपट्टीच्या बिलाचा. मलनिःसारण कर किंवा मलप्रवाह सुविधा लाभकर अशा नावाची ओळ त्यात आहे का ते बघा. लाईन नसताना कर लागत असेल तर अर्जात बिलाची प्रत जोडून त्याचा उल्लेख करा. कर भरतोय म्हणून लाईन फुकट मिळेल असं नाही, पण पालिकेचा वाटा किती यावर बोलणी करताना हा मुद्दा कामाला येतो.

तिसरा कागद पालिकेच्या मलनिःसारण योजनेचा नकाशा. केंद्राची अमृत २.० योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात मलनिःसारणाची कामं आहेत. तुमचा भाग अशा एखाद्या मंजूर प्रकल्पात असेल तर थांबणं स्वस्त पडेल. नुसतं "येणार आहे" हे उत्तर पुरेसं नाही. कार्यादेश निघालाय का, तेवढं विचारा.

लेव्हल घेतल्याशिवाय काहीच ठरत नाही

ज्या मॅनहोलला जोडायचं त्याचं झाकण पालिकेच्या माणसांकडून उघडून घ्या. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, रस्त्याकडेला लावायची, स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उंच मोजपट्टी, वरूनच मॅनहोलमध्ये सोडायचा आणि पाइपच्या तळाचं, म्हणजे इन्व्हर्टचं, रीडिंग घ्यायचं. मोजायला कुणालाही आत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. शिवाय गटारात उतरवून केल्या जाणाऱ्या धोकादायक साफसफाईवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

ही भेट सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ठेवा. त्या वेळी पाइप किती भरून वाहतो ते दिसतं. पाऊण पाइपाच्या वर पाणी असेल किंवा मॅनहोलच्या भिंतीवर उंचापर्यंत मैल्याची रेघ दिसत असेल, तर ती लाईन तुंबते हे समजा. मग पुढचं मॅनहोल शोधा.

यापुढचं सगळं एका नमुन्यावर करू. बाहेरच्या रस्त्यावर २४० मीटर लाईन, ले-आउटच्या आत ३६० मीटर. ४१ प्लॉट: ३० बंगले, ६ मोकळे प्लॉट, १६-१६ फ्लॅटच्या ४ इमारती आणि ४० मुलांचं एक वसतिगृह.

सांडपाणी आधी काढू. केंद्राच्या मलनिःसारण मॅन्युअलप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी. पाच माणसांच्या घराचे ५४० लिटर होतात. याला एक 'घर-एकक' म्हणू. वसतिगृहाची ४० मुलं म्हणजे ८ एककं. मोकळ्या प्लॉटला सध्या एकेक धरा. एकूण १०८ एककं, ५४० माणसं, दिवसाला ५८,३२० लिटर. सेकंदाला सरासरी ०.६८ लिटर. वीस हजार वस्तीपर्यंत कमाल प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरतात, म्हणजे साधारण २ लिटर.

दोनशे मिमी पाइप भरून वाहिला तर याच्या दहापटीहून जास्त नेतो. मग एवढा मोठा कशाला? तर चोंदू नये आणि पाण्याच्या जोराने लाईन साफ करणाऱ्या जेटिंग मशीनचा पाइप नीट फिरावा म्हणून. तुमची वस्ती निम्मी असती तरी हाच पाइप टाकावा लागला असता.

प्रवाह लहान असला की मैला वाहून न्यायला उतार जास्त लागतो. सेकंदाला २ लिटरच्या आसपास कमाल प्रवाह असेल तर हजार मीटरला ६ मीटर उतार धरावा, असं मॅन्युअल सांगतं. आपल्या ६०० मीटरला ३.६ मीटर उतार लागणार. जुन्या मॅनहोलचा इन्व्हर्ट रस्त्यापासून ३ मीटर खाली आणि पाइप ३०० मिमीचा आहे असं समजा. दोन्ही पाइपांचे माथे एका पातळीत आणायचे म्हणून नवा २०० मिमी पाइप तळापासून १०० मिमी वर, म्हणजे २.९ मीटर खोलीवर जोडायचा. जमीन ले-आउटच्या गेटपर्यंत ०.९ मीटर आणि शेवटच्या टोकापर्यंत एकूण २.१ मीटर चढते. जोडणीच्या खोलीत जमिनीचा चढ मिळवून पाइपचा उतार वजा केला की गेटपाशी खोली २.३६ मीटर येते आणि टोकाला १.४ मीटर. काम गुरुत्वाने होतं.

टोकाची खोली पाऊण-एक मीटरपेक्षा कमी आली तर शेवटच्या घराचं चेंबर बसणार नाही आणि वरून ट्रक गेला की पाइप चेपेल. अशा वेळी उतार 'जरा कमी' करून बसवून देणारा भेटतोच. त्याचं ऐकू नका. मंद उताराची लाईन दर दोन महिन्यांनी तुंबते आणि ती खोदून दुरुस्त करणं म्हणजे नवीन टाकणं. अशा वेळी खालच्या अंगाचं दुसरं मॅनहोल किंवा पंपिंग एवढेच पर्याय उरतात. पंप घेतला तर वीजबिल, दुसरा राखीव पंप, वीज गेली तर जनरेटर आणि रोज बघायला माणूस, हे कायमचं मागे लागतं. तो खर्च या वाटणीत मिसळू नका, मासिक देखभालीत वेगळा दाखवा.

अंदाजपत्रक

खोदाईचा दर मातीच्या प्रकारावर ठरतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भागात दोन मीटर खाली काय लागेल हे वरून कळत नाही. म्हणून लाईनच्या मार्गावर शंभर-शंभर मीटरवर चाचणी खड्डे घ्या. जेसीबीच्या अर्ध्या दिवसात होतात. पालिकेचं किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या (राज्याच्या पाणीपुरवठा-मलनिःसारण यंत्रणेच्या) दरसूचीवरचं अंदाजपत्रक हातात आलं की सगळ्यात आधी खडकाची ओळ बघा. 'कठीण मुरुम' धरून केलेलं अंदाजपत्रक पुढे फुगणार. वस्तीत सुरुंग लावता येत नाही, ब्रेकरनेच फोडावं लागतं, आणि तो दर मुरुमाच्या तिप्पट-चौपट असतो.

आपल्या नमुन्यात दीड मीटरपर्यंत मुरुम आणि खाली खडक आहे. बाहेर चर ०.९ मीटर रुंद, आत ०.७५ मीटर. पाइपखालच्या थरासाठी १५ सेंटिमीटर जास्त खोदायचं. खालचे दर फक्त हिशेब दाखवायला घेतले आहेत. तुमच्या कामाला चालू दरसूची आणि किमान तीन दरपत्रकं घ्या.

बाहेरची २४० मीटर:
मुरुम ३२४ घनमीटर, ३०० रुपयांनी: ९७,२००
खडक २७६ घनमीटर, १,१०० रुपयांनी: ३,०३,६००
पाइप, सांधे आणि खालचा थर, मीटरला १,२५०: ३,००,०००
मॅनहोल ८, प्रत्येकी २२,०००: १,७६,०००
चराच्या बाजूंना आधार आणि पाणी उपसा: ६०,०००
बेरीज ९,३६,८००

आतली ३६० मीटर:
मुरुम ४०५ घनमीटर: १,२१,५००
खडक १४३ घनमीटर: १,५७,३००
पाइप आणि थर: ४,५०,०००
मॅनहोल १४, प्रत्येकी १५,०००: २,१०,०००
मुरुमाचा रस्ता पूर्ववत: ४०,०००
बेरीज ९,७८,८००

मॅनहोल तीस मीटरवर एक, शिवाय प्रत्येक वळणावर, उतार बदलतो तिथे आणि दोन लाईनी मिळतात तिथे. कंत्राटदार पन्नास मीटरवर एक टाकून स्वस्तात देतो म्हणाला तर तो देखभालीचा खर्च तुमच्या माथी मारतोय.

दोन्ही बेरजांवर जीएसटी १८ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का आणि अनपेक्षित खर्चाला ५ टक्के, मिळून २४ टक्के. बाहेरचे ११,६१,६३२ आणि आतले १२,१३,७१२ होतात. बाहेर डांबरी रस्ता आहे. त्याच्या पुनर्स्थापनेचे पैसे पालिका आगाऊ भरून घेते. चर ०.९ मीटरचा असला तरी कडा ढासळतात म्हणून मोजणी १.२ मीटरने धरा: २८८ चौरस मीटर, १,५०० रुपयांनी ४,३२,०००. ही ओळ लोक हमखास विसरतात, आणि इथे ती बाहेरच्या खर्चाच्या पाव भागाहून जास्त आहे. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर परवानगी आणि दर त्यांचे. रस्ता नुकताच झालेला असेल तर परवानगी मिळणंच कठीण, आणि पावसाळ्यात बहुधा मिळतच नाही. म्हणून अर्ज दिवाळीआधी गेला पाहिजे.

बाहेरचा एकूण खर्च १५,९३,६३२. आतला १२,१३,७१२. सगळे मिळून २८,०७,३४४.

काम पालिकेनेच करावं आणि तुम्ही रक्कम भरावी, याला डिपॉझिट वर्क म्हणतात. तुम्ही कंत्राटदार नेमला तर पालिका पर्यवेक्षण शुल्क घेते. दोन्हींत तांत्रिक मंजुरी लागतेच. तुमच्या पालिकेत शुल्क किती टक्के आहे ते विचारून वरच्या रकमेत मिळवा. इथे ते धरलेलं नाही.

वाटणी

सगळी रक्कम ४१ प्लॉटांवर सारखी वाटली तर बंगल्याला ६८,४७२ येतात आणि फ्लॅटला ४,२८०. सगळी १०८ घर-एककांवर वाटली तर प्रत्येकाला २५,९९४, पण एका इमारतीवर ४,१५,९०४ पडतात. बैठकीत या दोन टोकांमध्येच रस्सीखेच चालते, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असतं.

म्हणून खर्चाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा कशामुळे वाढला ते बघून वाटा.

बाहेरची लाईन सगळ्यांना सारखीच लागते. ती कुणाच्या प्लॉटमुळे लांब झालेली नाही. तिचा फायदा घरागणिक आहे, म्हणून ती घर-एककांवर वाटायची: १५,९३,६३२ भागिले १०८, म्हणजे एककाला १४,७५६. आतली लाईन मात्र प्लॉट पसरलेले आहेत म्हणून लांब झाली. सोळा फ्लॅटची इमारत असो की एक बंगला, समोरून जाणारा पाइप तेवढाच. ती प्लॉटवार: प्रत्येकी २९,६०३.

मग बंगल्याला ४४,३५९. इमारतीला २,६५,६९९, म्हणजे फ्लॅटमागे सुमारे १६,६०६. वसतिगृहाला १,४७,६५१. हे आकडे दोन्ही टोकांच्या मधे पडतात. मधे पडतात म्हणून लोक मान्य करतात असं नाही. प्रत्येक रुपयाचं कारण सांगता येतं म्हणून करतात. प्लॉटांचे आकार फार वेगवेगळे असतील तर आतला हिस्सा रस्त्यालगतच्या रुंदीवर काढा, पण कोपऱ्याच्या प्लॉटची एकच बाजू मोजा. दोन्ही मोजल्या तर तो माणूस पुढच्या बैठकीला वकील घेऊन येईल.

इमारतीच्या आत तो पैसा कसा वाटायचा हे ज्या त्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने ठरवायचं. ले-आउटच्या समितीने त्यात पडू नये. समितीने सोसायटीच्या नावाने एकच मागणीपत्र द्यावं.

घरापासून लाईनपर्यंतची जोडणी ज्याची त्याने. पण रस्ता उघडा असतानाच प्रत्येक प्लॉटच्या हद्दीपर्यंत जोड-पाइप आणून टोपण लावून ठेवा, मोकळ्या प्लॉटलाही. त्या जागेची खूण दोन पक्क्या ठिकाणांपासून टेपने मोजून वहीत लिहा. दहा वर्षांनी "इथेच कुठेतरी आहे" म्हणत रस्ता खोदायची वेळ येत नाही.

न देणारे आणि उशिरा येणारे

सहा मोकळ्या प्लॉटांचे मालक बहुधा बाहेरगावी असतात आणि पैसे देत नाहीत. त्यांचा हिस्सा २,६६,१५४ होतो. तो उरलेल्या १०२ एककांवर टाकला तर प्रत्येकी साधारण २,६०० रुपये वाढतात. हे सुरुवातीलाच उघड सांगा आणि 'परत मिळण्याजोगी रक्कम' म्हणून वहीत वेगळ्या रकान्यात ठेवा. कोण किती देतो आणि पुढे कुणाकडून किती वसूल झाले की कुणाला परत, हे ठरावात आकड्यांनिशी हवं. व्याज लावायचं तर सरळ व्याज लावा. चक्रवाढ लावली तर हिशेबही समजत नाही आणि वसुलीही होत नाही.

इथे एक खाच आहे. लाईन पालिकेकडे हस्तांतरित झाली की ती सार्वजनिक होते. नव्या घराला जोडणी द्यायची की नाही हे मग तुमची समिती ठरवत नाही. म्हणून उशिरा येणाऱ्याने हिस्सा भरावा, हे काम सुरू होण्याआधी पालिकेशी पत्राने किंवा मालकांशी लेखी कराराने बांधून घ्या. नंतर हाती फक्त शेजारधर्म उरतो.

मोकळ्या प्लॉटवर उद्या बारा फ्लॅट उभे राहिले तर? ठराव करतानाच लिहा: जोडणीच्या वेळी प्रत्यक्ष एककं मोजून बाहेरच्या हिश्शाचा फरक भरायचा.

पलीकडच्या ले-आउटसाठी मोठा पाइप टाका असं पालिकेने म्हटलं तर आनंदाने हो म्हणा, पण फरकाची रक्कम पालिकेची. तो फरक मुख्यतः पाइपच्या किमतीचा असतो, खोदाई फारशी वाढत नाही. त्यामुळे मागणी अवाजवी वाटत नाही आणि बऱ्याचदा मान्य होते.

पैसे आणि मोजमाप

स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या. वर्गणी ४०, ४० आणि २० टक्क्यांच्या तीन हप्त्यांत घ्या. पहिल्या हप्त्याचे सगळे पैसे जमा झाल्याशिवाय कार्यादेश देऊ नका. अर्धवट उघडा चर घेऊन वसुलीला फिरणं फार वाईट.

खडकाचं बिल प्रत्यक्ष मोजणीवरच द्या. चर बुजवण्याआधी खडकाच्या माथ्यापासून तळापर्यंत स्टाफ उभा धरून, समितीचा एक माणूस आणि कंत्राटदार दोघांसमोर मोजायचं आणि फोटो काढायचा. फोटोत स्टाफवरचा आकडा वाचता आला पाहिजे. चर बुजल्यावर मातीचाही खडक होतो. बिलातून ५ टक्के रोखून ठेवा आणि एक पावसाळा गेल्यावर द्या.

बुजवण्याआधी तपासा

दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूचा आधार हवाच. मुरुम उभा राहतो असं वाटतं आणि पाणी मुरलं की एका दमात ढासळतो. पाइपखाली खडकाचं टोक राहिलं तर पाइप तिथेच तडकतो, म्हणून खालचा थर सोडायचा नाही. पाइपच्या बाजूला आणि वर ३० सेंटिमीटरपर्यंत बारीक, दगडविरहित माल भरायचा. ब्रेकरने फोडलेले डबर थेट पाइपवर लोटणं ही नेहमीची चूक आहे.

मग दोन मॅनहोलच्या मधला प्रत्येक टप्पा तपासायचा. एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरला की पाइपचं पूर्ण गोल दिसायला हवं. चंद्रकोर दिसली तर पाइप मधेच वर-खाली झालाय. दुसरी कसोटी चेंडूची. पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिमी लहान गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडायचा. अडथळा नसेल तर तो घरंगळत खालच्या मॅनहोलमध्ये येतो. अडकला तर सांध्यात सिमेंट आत आलंय किंवा पाइप चेपलाय. चर उघडा असताना हे दुरुस्त करणं तासाभराचं काम.

शेवटची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक घराघरांत होते, ती म्हणजे गच्चीचं पावसाळी पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडणं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर सेकंदाला १.४ लिटर पाणी येतं. अख्ख्या कॉलनीचा कमाल प्रवाह २ लिटर आहे. वीसेक गच्च्या जोडल्या गेल्या की पाइप काठोकाठ भरतो आणि सगळ्यात खालच्या घराच्या बाथरूममधून मैला वर येतो. जोडणी देताना गच्चीचा पाइप कुठे उतरतो ते प्रत्यक्ष बघा आणि मगच चेंबरची जोडणी करू द्या.

जुनी सेप्टिक टँक मधे ठेवून पुढे जोडू नका. ती बाजूला टाकून सरळ लाईनला जोडा. टाकी सक्शन टँकरने रिकामी करून घ्या, तळाला दोन-तीन भोकं पाडा म्हणजे आत पाणी साचणार नाही, आणि मुरुम थराथराने ठोकून भरा. वर फरशी असली तरी पोकळ टाकी तशीच सोडायची नाही.